कामाची निवड आणि थांबण्याची ताकद

नव्या कामाच्या शोधात असलेल्या माणसापुढे किती पर्याय आहेत, यावर त्याची निवड जितकी अवलंबून असते, तितकीच ती आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे पहिल्या आलेल्या कामाला नकार देऊन दुसऱ्या, अधिक चांगल्या कामाची वाट पाहण्याची त्याची ऐपत. घरात दोन महिन्यांचे धान्य असलेला उमेदवार चार ठिकाणी चौकशी करतो, अटी विचारतो, तुलना करतो. ज्याच्या घरी आठवड्याचीच तजवीज आहे तो समोर येईल ते काम पत्करतो आणि पुढे त्याच कामात वर्षानुवर्षे अडकून राहतो. नंदुरबार जिल्ह्यातील रोजगाराचा प्रश्न समजून घेताना ही बाब विशेष ठळकपणे दिसते, कारण येथील हजारो कुटुंबांच्या बाबतीत कामाची निवड प्रत्यक्ष हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ऐन पावसाळ्याच्या टंचाईत, होऊन गेलेली असते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके असून, २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, मध्यातून वाहणारी तापी, पश्चिमेला गुजरात अशी या जिल्ह्याची रचना आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गामुळे नवापूर आणि नंदुरबारच्या माणसाला मुंबई–पुण्यापेक्षा सुरत जवळचे वाटते, इतके की नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. त्यामुळे येथील कामाचा बाजार जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या हद्दीत मावत नाही. तापीकाठची शेती, नंदुरबारची बाजारपेठ, दक्षिण गुजरातमधील ऊसतोड, सुरतचे कारखाने आणि सरकारी नोकरी हे पाच पर्याय येथील तरुणाच्या विचारात एकाच वेळी असतात.

उचल : हंगामापूर्वीच झालेली निवड

खानदेशात शेतकऱ्याकडे वर्षभराच्या कराराने राहणाऱ्या मजुराला सालदार म्हणतात, आणि सालदारकीचे वर्ष परंपरेने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपून त्याच दिवशी नवे ठरते. वर्षातून एकदाच काम बदलण्याची संधी आणि तीही मागील देणे फिटले असेल तरच, अशी ही रचना होती. १९७२ च्या सुमारास शहादा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली जमीन व मजुरीच्या प्रश्नांवर जी चळवळ उभी राहिली, तिने या व्यवस्थेतील मजुराला अटी मांडण्याचे बळ दिले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे हा देशभर गुन्हा ठरला.

तथापि कर्ज आणि काम यांची गाठ पूर्णपणे सुटली नाही. बारडोली आणि सुरतच्या परिसरात सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यानंतर ऊसतोडीसाठी खानदेशातील मजुरांची टोळ्याटोळ्यांनी भरती होऊ लागली, आणि डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या स्थलांतराचा सविस्तर अभ्यास केला. या व्यवस्थेत मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, ती कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारा पुरुष आणि पाचट काढून मोळ्या बांधणारी त्याची जोडीदार, क्वचित हाताखाली एखादे मूल. मजुरी टनावर ठरते. ऊस बुडख्यापाशी तोडणे, पाचट उतरवणे, मोळी बांधणे आणि ती गाडीत चढवणे ही सारी कामे त्या एकाच दरात येतात, आणि रात्री गाडी आली तर रात्रीही उठावे लागते. त्या जोडीतील स्त्रीचे श्रम निम्म्याहून कमी नसतात. हिशेबाच्या वहीत मात्र बहुधा पुरुषाचेच नाव असते.

या कामाची बोली पावसाळ्यात होते. श्रावण–भाद्रपदात, जेव्हा पाड्यावरचे जुने धान्य संपलेले असते आणि नवे पीक हाती आलेले नसते, तेव्हा मुकादम येऊन उचल, म्हणजे पुढील मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देऊन जातो. दिवाळीनंतर टोळी निघते, तोडीच्या काळात खाण्यापुरते धान्य किंवा पैसे मिळतात, आणि शेवटच्या हिशेबात उचल व खर्च वजा जाऊन जे उरेल ते हाती येते. काही उरले नाही तर शिल्लक पुढील वर्षावर चढते. उचल घेणारा माणूस अविचारी असतो असे नाही. आजारपण, लग्न, बियाणे किंवा निव्वळ पोटाची गरज यांसाठी त्याच वेळी दुसरे कोणीही पैसे देत नसल्यामुळे त्याने निवडलेला तो उपलब्ध मार्ग असतो. परंतु त्या रकमेबरोबर तो पुढील सहा महिन्यांची तुलना करण्याची, दर विचारण्याची आणि नकार देण्याची मुभाही देऊन टाकतो.

अर्थशास्त्र काय सांगते

कामाचा शोध ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी क्रिया आहे, हे अर्थशास्त्रज्ञांनी तसे उशिराच मान्य केले. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी असे दाखवून दिले की एकाच प्रकारच्या कामाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी मजुरी मिळते, आणि अधिक मजुरी कोठे आहे हे शोधण्यालाही वेळ आणि पैसा लागतो. म्हणून माहिती ही फुकट मिळणारी गोष्ट नसून तिलाही किंमत असते. पुढे या विचारातून ‘किमान स्वीकार्य मजुरी’ ही संकल्पना पक्की झाली. जिच्याखाली काम पत्करण्यापेक्षा आणखी थांबणे परवडते अशी प्रत्येक उमेदवाराच्या मनातील मजुरीची पातळी, असा तिचा अर्थ आहे. पीटर डायमंड, डेल मॉर्टेनसन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच, शोधात अडथळे असलेल्या बाजारपेठांच्या विश्लेषणासाठी.

ही पातळी माणसाच्या स्वभावावर फारशी ठरत नाही. ती त्याच्या पाठीशी असलेल्या आधारावर ठरते. या दृष्टीने पाहता महाराष्ट्राच्या काही जुन्या योजनांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हा २००६ मधील पहिल्याच टप्प्यात नंदुरबारचा समावेश झाला. गावातच ठरावीक दराने काम मिळण्याची खात्री असेल तर मुकादमाला किंवा जमीनमालकाला त्या दराच्या खाली बोलता येत नाही, आणि जो मजूर त्या कामावर जात नाही त्यालाही तिचा लाभ होतो. मात्र ही मजुरी आठवड्या–पंधरवड्यात हाती पडली तरच हा परिणाम साधतो. ती महिनोन्महिने रखडली की मजूर पुन्हा उचलीकडे वळतो.

आदिवासी विकास विभागाची खावटी योजना याच कारणासाठी महत्त्वाची ठरते. पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांत आदिवासी कुटुंबाने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू झाले. काही वर्षे बंद राहिल्यानंतर २०२०–२१ मध्ये ते प्रतिकुटुंब ४,००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपात, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या स्वरूपात, देण्याचा निर्णय झाला. रक्कम लहान वाटली तरी ती नेमक्या त्या आठवड्यांत पोहोचली तर तिचे मोल मोठे असते, आणि दिवाळीनंतर पोहोचली तर जवळपास काहीच नसते, कारण तोवर कोयता ठरून गेलेला असतो.

माहिती कोणाकडून येते

थांबण्याची ऐपत असली तरी थांबून कशाची वाट पाहायची हे कळण्यासाठी माहिती लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘विरळ संबंधां’विषयी एक सिद्धांत मांडला. ज्यांच्याशी रोजचा घरोबा आहे त्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. नव्या कामाची बातमी बहुधा क्वचित भेटणाऱ्या, वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येते. अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून ज्या गावी मागील वर्षी टोळी गेली त्याच गावी पुढील वर्षीही का जाते, याचे बरेचसे स्पष्टीकरण येथे सापडते. भाऊ, मेहुणा, शेजारी आणि मुकादम या सर्वांना एकच वाट ठाऊक असते.

म्हणून शोध घेणाऱ्याने आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसांपर्यंत जाणीवपूर्वक पोहोचले पाहिजे. आश्रमशाळेतील जुने शिक्षक, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक, सुरतला किंवा नाशिकला स्थिरावलेला वर्गमित्र, ग्रामसेवक, बँकमित्र, आशाताई, कोळदा येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ ही सारी अशी माणसे आहेत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे पूर्वीच्या सेवायोजन कार्यालयाचेच नवे रूप असून, तेथील नोंदणी आता ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर होते. पूर्वी नावनोंदणीचे कार्ड काढून बोलावण्याची वाट पाहण्याचा प्रघात होता; आज नोंदणी ही केवळ पहिली पायरी आहे आणि तेथून कळणाऱ्या रोजगार मेळाव्यांपर्यंत व रिक्त पदांपर्यंत उमेदवाराला स्वतः पोहोचावे लागते.

पोहोचण्याचा खर्च हाही एक मोठा अडसर आहे. बांगलादेशातील रंगपूर भागात टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबांना केवळ एका बस प्रवासाच्या भाड्याएवढी मदत देऊन पाहण्याचा प्रयोग २००८ मध्ये झाला, तेव्हा शहरात हंगामी कामासाठी जाणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्केबिंदूंनी वाढले आणि त्यांतील बरेच जण पुढील वर्षी मदतीविनाही गेले. धडगावहून घाट उतरून मुलाखतीसाठी नंदुरबार गाठणाऱ्या आणि त्या दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या मुलाला हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मेळावा जिल्ह्याच्या ठिकाणाऐवजी मोलगी किंवा धडगावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी भरला, तर येणाऱ्यांची संख्या आणि त्यांचे तालुके दोन्ही बदलतील.

पगाराचा आकडा आणि हाती उरणारी रक्कम

दोन कामांची तुलना करताना सर्वांत मोठी चूक होते ती केवळ पगाराचा आकडा पाहण्यात. उदाहरणादाखल असे समजावे की सुरतच्या एका कारखान्यात दरमहा १५,००० रुपये मिळतात आणि नंदुरबार शहरातील एका दुकानात १०,००० रुपये. सुरतेत खोलीच्या भाड्याचा वाटा २,५००, खानावळ ३,५०० आणि गावी येण्याजाण्याचा व इतर खर्च १,००० धरला तर हाती ८,००० उरतात. नंदुरबारला घरून येऊन काम करताना बसचे १,२०० आणि घरातील जेवणाचा वाटा १,५०० वजा जाता ७,३०० उरतात. पाच हजारांचा फरक सातशेवर आला. आता तासांचा हिशेब घातला, आणि महिन्याच्या २६ दिवसांत कारखान्यात १२ तास व दुकानात ८ तास काम आहे असे धरले, तर हाती उरणाऱ्या रकमेतून कारखान्यात तासाला सुमारे २६ रुपये आणि दुकानात सुमारे ३५ रुपये पडतात.

तरीही यावरून दुकानच बरे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण तिसरा प्रश्न उरतोच, तो म्हणजे हे काम दोन वर्षांनी माणसाला कोठे नेऊन सोडेल. यंत्र चालवण्याचे, वेल्डिंगचे किंवा वीजजोडणीचे कसब हाती येत असेल तर आजचा कमी फायदा पुढे भरून निघतो; तेच ते ओझे उचलण्याचे काम असेल तर दहा वर्षांनंतरही मजुरी जवळपास तेथेच राहते आणि शरीर मात्र झिजते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन प्रशिक्षण घेता येते, आणि राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. अशा संधीचे मोल विद्यावेतनात मोजण्याऐवजी तिच्या शेवटी मिळणाऱ्या अनुभवात व प्रमाणपत्रात मोजावे, आणि मुदत संपल्यावर नोकरीची हमी आहे की नाही हे आरंभीच विचारून घ्यावे.

चौथा प्रश्न सुरक्षेचा आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण आहे का, मजुरी बँकेत जमा होते का, ठेकेदाराचे नाव व परवाना कोणता, अपघात झाल्यास खर्च कोण करील, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मजुराला छायाचित्रासह नोंदपुस्तिका देण्याची आणि प्रवासभत्ता देण्याची जबाबदारी टाकली होती, आणि पुढे हा विषय २०२० च्या कामगार संहितेत समाविष्ट झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीने असंघटित कामगाराला देशभर चालणारा क्रमांक दिला. कागदावरचे हे संरक्षण मजुराच्या पिशवीत तेव्हाच येते, जेव्हा निघण्यापूर्वी उचलीची रक्कम, टनाचा दर आणि मुकादमाचा पत्ता या तीन गोष्टी त्याच्याजवळ लिहून ठेवलेल्या असतात.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात

बाहेरची वाट धरण्यापूर्वी जवळचे पर्याय नीट पारखणे आवश्यक आहे. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. दसरा–दिवाळीच्या सुमारास ओल्या मिरचीची आवक सुरू झाली की शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, लाल सडे पसरले जातात आणि मिरची उलटणे, निवडणे, देठ खुडणे यांसाठी मोठ्या संख्येने स्त्रियांना काम मिळते. हे काम घराजवळचे असले तरी ते हंगामी आहे, आणि ऐन वेळी अवकाळी पाऊस आला तर मालाबरोबर मजुरीही बुडते. नवापूरचा कुक्कुटपालन व्यवसाय बारमाही आहे, परंतु फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद तेथेच झाली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले, तेव्हा शेडवर काम करणाऱ्यांचा रोजगार एका फटक्यात गेला; २०२१ मध्ये त्याच संकटाची पुनरावृत्ती झाली. एका उद्योगावर सारे कुटुंब विसंबून असू नये, घरातील दोघांनी शक्यतो दोन वेगळ्या क्षेत्रांत काम शोधावे, हा धडा यातून मिळतो.

सातपुड्यातील आमचूर, सीताफळ, मोहफुले आणि भगर यांवर प्रक्रिया करून विकण्याचा मार्गही खुला आहे. कैऱ्या सोलून, कापून, उन्हात वाळवून आमचूर तयार करण्याचे कष्ट घरातील सर्वांचे असतात, पण माल आठवडे बाजारात मोठ्या गोणीने उधळून टाकला तर नफा व्यापाऱ्याकडे जातो. बचत गटाने प्रतवारी करून, पाकिटे बांधून विकला तर तोच माल स्वतःच्या मालकीचा रोजगार होतो. त्यासाठी आदिवासी तरुणांना शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडून, आणि इतरांना मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांतून भांडवल मिळू शकते.

सरकारी नोकरी : आशा आणि मुदत

जिल्ह्यातील शिकलेल्या तरुणांच्या मनात सरकारी नोकरीला पहिले स्थान आहे, आणि ते अकारण नाही. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक यांसारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद केली. ज्यांचे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे वास्तव्य २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सातत्याने आहे, ते येथे स्थानिक मानले जातात. पावरी, भिलोरी किंवा मावची जाणणारा शिक्षक वा आरोग्यसेवक गावाला मिळावा हा यामागील हेतू अत्यंत योग्य आहे. परंतु १७ संवर्गांची ही भरती न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ मध्ये निवड झालेल्या उमेदवारांना मानधनावर तात्पुरते सामावून घेण्याचा मार्ग शासनाला काढावा लागला, तोवर कितीतरी तरुणांची उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली.

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेला ‘अपेक्षित मजुरी’चा विचार येथे उपयोगी पडतो. मिळणारा पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता, म्हणजे अपेक्षित मजुरी. ३५,००० रुपयांच्या पदाची शक्यता दहांत एक असेल तर तिचे आजचे मोल ३,५०० रुपये होते. सरकारी नोकरी आयुष्यभराची असल्यामुळे एक–दोन प्रयत्न निश्चितच करावेत. मात्र प्रयत्नांची मुदत आरंभीच ठरवावी, वयोमर्यादा संपेपर्यंत ती ताणू नये, आणि अभ्यासाबरोबर अर्धवेळ काम, आयटीआयचा अभ्यासक्रम किंवा शिकाऊ उमेदवारी चालू ठेवावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे जाहिरात आल्यावर नव्हे, तर आदल्या उन्हाळ्यातच तयार ठेवावीत, कारण कागदाअभावी हुकलेली संधी ही सर्वांत टाळता येण्याजोगी हानी असते. नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, हेही घराघरांत ठासून सांगितले पाहिजे.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. नंदुरबारच्या तरुणाला कष्टाची शिकवण देण्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती टंचाईच्या दोन महिन्यांत तग धरण्याच्या आधाराची, वर्तुळाबाहेरच्या माहितीची आणि दोन कामांचा प्रामाणिक हिशेब मांडण्याच्या सवयीची. यांतील शेवटची गोष्ट प्रत्येक कुटुंब स्वतः करू शकते, दुसरी ग्रामसभा, शाळा आणि बचत गट मिळून करू शकतात. पहिली मात्र शासनाची जबाबदारी आहे, आणि ती श्रावणात पार पाडली गेली तरच तिला अर्थ आहे. हमीची मजुरी वेळेवर आणि खावटी मुकादमाच्या आधी पोहोचली, तर कोणत्याही नव्या कारखान्याविनाही या जिल्ह्यातील मजुराचा दर वाढेल, कारण त्याला प्रथमच ‘नाही’ म्हणता येईल.